पेटी मधल्या खोलीत आली

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

घरात नवी वस्तू आली की तिची जागा विचार करून ठरवली जाते, असे क्वचितच घडते. टीव्ही बाहेरच्या खोलीत जातो, कारण आलागेला तिथे बसतो. पिठाचा डबा स्वयंपाकघरात जातो, देव कोनाड्यात जातात. इंटरनेटच्या पेटीचे मात्र तसे नाही. ती नवी पाहुणी. तिला कुठे बसवावे याचा अनुभव घरात कुणालाच नसतो. म्हणून जोडणीला आलेला मुलगा खिडकीतून वायर आत घेतो, जवळचा खिळा बघतो, पेटी तिथे टांगतो आणि पुढच्या घरी निघून जातो. राऊटर हा शब्द आमच्या गल्लीत कोणी वापरीत नाही. सगळे तिला पेटीच म्हणतात, आणि मीही या लेखात तेच म्हणणार आहे.

आमचे गाव इचलकरंजी. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी येथे पहिला यंत्रमाग सुरू केला, तेव्हापासून या गावाचा श्वास मागाच्या खडखडाटावर चालतो. माझे वडील, म्हणजे आबा, दुसऱ्याच्या कारखान्यात माग चालवतात. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. आई घरी शिलाई करते. दादा गारमेंटमध्ये कामाला जातो. आणि मी आमच्या घरातली कॉलेजात जाणारी पहिली. ‘पहिली’ म्हणजे हुशारीने नव्हे, क्रमाने.

घर तीन खोल्यांचे, आगगाडीच्या डब्यांसारखे एकामागे एक. बाहेरची खोली, मधली खोली आणि मागे स्वयंपाकघर. स्वयंपाकघर आजोबांनी नंतर वाढवून घेतले. त्यामुळे मधल्या खोलीच्या आणि स्वयंपाकघराच्या मध्ये जी भिंत आहे ती पूर्वीची बाहेरची भिंत, चांगली दीड फूट जाडीची, दगडी. पेटी होती अगदी पुढे, बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात, पोलादी कपाटाच्या आडोशाला.

आता अडचण समजून घ्या. रातपाळीच्या आठवड्यात आबा सकाळी येतात आणि बाहेरच्या खोलीत झोपतात. रात्रभर मागापुढे उभे राहिलेल्या माणसाच्या उशाशी बसून व्याख्यान ऐकणे मला शक्य नव्हते आणि शोभलेही नसते. मधल्या खोलीत आईचे शिलाई मशीन. मग राहिले स्वयंपाकघर. तिथे पाट घेऊन बसले की विश्वकोशाचे एक पान उघडायला चहाला उकळी येईपर्यंत थांबावे लागे. सरांनी पाठवलेला ध्वनिचित्रित पाठ तर दर अर्ध्या मिनिटाला थबके. आईलाही ब्लाउजच्या नव्या कटाचे व्हिडिओ पाहण्यासाठी मशीन सोडून बाहेर उंबऱ्याशी येऊन उभे राहावे लागे. थोडक्यात, पेटी सगळ्या घराची, पण तिची कृपा फक्त बाहेरच्या खोलीवर.

दिवाळीच्या आधी एका रात्री हा विषय निघाला. महिन्याचे बिल करासकट ४७१ रुपये. आबा म्हणाले, “पैसं भरायचं आणि फिरणारं चाक बघत बसायचं, ह्यात काय अर्थ हाय? ह्या महिन्यानंतर बंद करूया.” दादाचे म्हणणे उलट. तो म्हणाला, “बंद कशाला? वरची स्कीम घ्यायची. पैसे जास्त, स्पीड जास्त.” दोघांनीही मग माझ्याकडे पाहिले. कॉलेजात जाणाऱ्या माणसाला सगळे येते असा घरात एक भाबडा विश्वास असतो. मराठी वाङ्मय घेऊन बी. ए. करणाऱ्या मुलीला या पेटीतले काय कळणार, ही शंका फक्त मलाच आली. मी म्हटले, “आबा, आठ दिवस द्या. मग ठरवू.”

मागितलेल्या आठ दिवसांत मी काय केले, ते सांगण्यासाठी हा लेख. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी हीच रड आहे हे मी वर्गात ऐकते. म्हणून क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे दोष कुठे आहे ते शोधणे. खांबावरून घरापर्यंत येणारी तार आणि पेटीपासून मोबाईलपर्यंत जाणारी लहर, या दोन वेगळ्या वाटा आहेत. एका वाटेवरचा खड्डा दुसऱ्या वाटेवर माती टाकून बुजत नाही. माझ्या एका मैत्रिणीने रविवारी तिच्या भावाचा लॅपटॉप आणला. पेटीच्या मागे चौकोनी खाच असते, तिच्यात केबल घालून लॅपटॉप थेट जोडला आणि वेग मोजला. आमची स्कीम ४० मेगाबिटची. आकडा आला ३९. म्हणजे कंपनी जे देते म्हणते ते दारापर्यंत येत होते. मग तोच आकडा मोबाईलवर घेतला. पेटीजवळ ३७, मधल्या खोलीत १४, स्वयंपाकघरात ३. सकाळ, दुपार, रात्र असे तीन दिवस मी हे आकडे वहीत उतरवले. तिसऱ्या दिवशी दादाला वही दाखवली. वरची स्कीम घेतली असती तर बाहेरच्या खोलीतला आकडा वाढला असता आणि स्वयंपाकघरात तो होता तिथेच राहिला असता. पैसे गेले असते ते वेगळेच.

येथे एक छोटा खुलासा. ४० मेगाबिट म्हणजे सेकंदाला ४० एम. बी. नव्हे. आठ बिटांचा एक बाइट होतो. स्कीमचा वेग बिटांत मोजतात आणि फाइलचे आकारमान बाइटांत. म्हणून ४० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त ५ एम. बी. उतरणार. एवढे माहीत असले की निम्मा राग आपोआप शांत होतो. सरकारी व्याख्येप्रमाणे ज्याला ‘ब्रॉडबँड’ म्हणायचे त्याचा किमान वेग २०१३ मध्ये ५१२ किलोबिट होता, तो २०२३ मध्ये २ मेगाबिट झाला. त्या हिशेबाने आमचे स्वयंपाकघर नुकतेच कुठे ब्रॉडबँडच्या हद्दीत शिरले होते.

दुसरी गोष्ट जागेची. पेटीतून निघतात त्या रेडिओलहरी. १८९५ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात अशाच लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. पण भिंतीपलीकडे जाताना लहर आपले काही ना काही बळ भिंतीला देऊन जाते. पातळ विटांच्या भिंतीला थोडे, जाड दगडी भिंतीला पुष्कळ. लोखंडी पत्रा, पोलादी कपाट, आरसा हे तिला परतवून लावतात. पाण्याने भरलेले पिंप तिला गिळते. आणि मोकळ्या जागेतसुद्धा अंतर दुप्पट झाले की बळ चौथाईवर येते. आमच्या पेटीपुढे कपाट, मग विटांची भिंत, मग दगडी भिंत आणि त्याच्यापलीकडे स्टीलच्या भांड्यांची मांडणी. इतके अडथळे पार करून तीन मेगाबिट पोहोचत होते याचेच खरे तर कौतुक करायला हवे.

तेव्हा पेटी मधल्या खोलीत आणायची, तीही उंचावर आणि मोकळ्यावर, असे मी सुचवले. पहिला आक्षेप आजीचा. “बाहेर शोभा येती. आत कोण बघणार?” दुसरा प्रश्न तारेचा. सुदैवाने जोडणीच्या वेळी उरलेली तार कापून न टाकता भिंतीवर वेटोळे करून ठेवलेली होती. पण ही तार म्हणजे तांब्याची नव्हे. आत काचेचा तंतू असतो, आवरण काढले तर १२५ मायक्रॉन जाडीचा, साधारण केसाएवढा. त्याच्याही गाभ्यातल्या सुमारे ९ मायक्रॉनच्या वाटेने प्रकाश धावतो. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तारेच्या उघड्या टोकात कधीही डोकावू नये. तार मोडून कोपऱ्यात वळवली तर प्रकाश वळणावर बाहेर निसटतो. या शास्त्राला ‘फायबर ऑप्टिक्स’ हे नाव रूढ करून देणारे नरिंदरसिंग कपानी पंजाबातल्या मोग्याचे, हे वाचले तेव्हा मला उगीचच आनंद झाला.

ती तार सरकवण्याचे काम आबांनी केले. मी त्यांना एवढेच सांगितले की हा काचेचा धागा आहे, ओढायचा नाही आणि मोडायचा नाही. ते हसले. ज्या माणसाने तीस वर्षे तुटलेले सूत चालत्या मागाशेजारी उभे राहून जोडले, त्याला धागा कसा धरावा हे मी काय सांगणार? त्यांनी वेटोळे एकेक करून सोडले, दारावरून मोठ्या कमानीत तार नेली, कुठेही टोकदार वळण येऊ दिले नाही आणि मधल्या खोलीत माणसाच्या डोक्याच्या वर, दगडी भिंतीतल्या दाराच्या समोर पेटी बसवली. दाराच्या समोर, हे मुद्दाम. लहरीला दगडातून जाण्यापेक्षा उघड्या दारातून जाणे सोपे. काम संपल्यावर ते म्हणाले, “सुतापेक्षा बारीक हाय गं हे.” त्यांच्या बोलण्यात पेटीविषयी पहिल्यांदाच आपलेपणा होता.

नुसत्या जागेच्या बदलाने स्वयंपाकघरातला आकडा ३ वरून १३ वर गेला. एक पैसाही खर्च झाला नव्हता.

तिसरी गोष्ट पेटीच्या आतल्या व्यवस्थेची, म्हणजे सेटिंगची. येथे पुष्कळजण घाबरतात, कारण सगळे इंग्रजीत असते. पेटीच्या पाठीवर एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर आकड्यांचा एक पत्ता, एक नाव आणि एक परवलीचा शब्द असतो. पेटीला जोडलेल्या मोबाईलवर तो पत्ता घातला की पेटीचे आतले दफ्तर उघडते. मी तीन नियम पाळले. काहीही बदलण्याआधी जुनी नोंद वहीत उतरवायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा वेग मोजायचा. आपल्याला कवितेचा अर्थ लावताना शिकवतात तेच हे. शब्द अडला तर कोश उघडायचा, आणि एका ओळीचा अर्थ लागल्याशिवाय पुढे धावायचे नाही. अर्थ लावायची सवय असेल तर हे दफ्तर वाचणे फारसे कठीण नाही.

त्या दफ्तरात कळले की आमची पेटी दोन प्रकारच्या लहरी पाठवते. एक २.४ गिगाहर्ट्झची, एक ५ गिगाहर्ट्झची. पहिलीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, दुसरीची सुमारे सहा. पहिली दूर जाते, भिंतीला फार भीत नाही, पण तिचा वेग बेताचा. दुसरी चपळ, पण भिंत आली की दमते. दोन्हींना एकच नाव दिलेले होते, त्यामुळे मोबाईल आपल्या मनाने कुठल्या तरी एकीला धरून बसे. स्वयंपाकघरात माझा मोबाईल ५ गिगाहर्ट्झच्या मेल्या लहरीला चिकटून राहायचा. मी दोघींना वेगवेगळी नावे दिली. मधल्या आणि बाहेरच्या खोलीत चपळ लहर वापरायची, स्वयंपाकघरात लांब जाणारी.

मग आला चॅनेलचा प्रश्न. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे २००५ पासून विनापरवाना खुला आहे. रस्ता सर्वांचा, म्हणून गर्दीही सर्वांची. शेजाऱ्यांच्या पेट्या, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह भट्टी, सगळे याच पट्ट्यात. या पट्ट्यात १ ते १३ अशी चॅनेले आहेत. शेजारशेजारच्या चॅनेलांत अंतर ५ मेगाहर्ट्झचे, पण प्रत्येक पेटी निदान २० मेगाहर्ट्झ जागा अडवते. म्हणजे पंगतीत पाट जवळजवळ मांडले आणि प्रत्येकजण ऐसपैस मांडी घालून बसला, तशी गत. एकमेकांना धक्का न लावता बसायचे तर जागा तीनच: १, ६ आणि ११. मोबाईलवर आसपासच्या पेट्या दाखवणारे एक मोफत ॲप मिळते. त्यात पाहिले तर आमच्या गल्लीतल्या अकरा पेट्यांपैकी सात १ वर, तीन ६ वर आणि ११ वर अगदी क्षीण अशी एकच. आमची पेटी ‘ऑटो’वर होती आणि त्या सातांत सामील होती. मी तिला ११ वर बसवले. रुंदीही ४० ची २० केली. अरुंद वाट पण मोकळी, ही रुंद वाटेपेक्षा बरी. स्वयंपाकघरात आकडा आला १९.

पेटीची बोलण्याची रीतही मला आवडली. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचे, आधी ऐकायचे, कुणी बोलत नसेल तरच तोंड उघडायचे. सभ्य माणसांच्या सभेसारखे. पण त्यामुळे सभेतला एक जण अडखळत बोलू लागला की सगळेच खोळंबतात. लांब कोपऱ्यातला जुना मोबाईल हळूहळू बोलतो आणि सर्वांचा वेळ खातो. त्याला पेटीजवळ आणणे हा त्यावरचा एक साधा उपाय.

चौथी गोष्ट जराशी नाजूक. दफ्तरात जोडलेल्या उपकरणांची यादी असते. आमच्या घरी मोबाईल चार, यादीत नावे अकरा. परवलीचा शब्द दादाच्या मित्रांकडून कट्ट्यावर पोहोचला होता आणि संध्याकाळी कट्ट्यावरचे खेळ आमच्या पेटीवर चालत होते. शब्द बदलायला माझी ना नव्हती, पण त्या सातांत शेजारच्या काकूंची मुलगीही होती. ती दहावीला. तिच्या घरी जोडणी नाही. मी आबांना विचारले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “कट्ट्याचं बंद कर. पोरीला म्हणावं, इथं येऊन बस.” तेव्हापासून ती मधल्या खोलीत, आईच्या मशीनशेजारी येऊन बसते. यात परवलीचा शब्दही सांगावा लागला नाही आणि नातेही राहिले. त्याच बैठकीत पेटीच्या दफ्तराचा मूळ परवलीचा शब्दही बदलला, कारण चिठ्ठीवरचा शब्द कुणीही वाचू शकतो. सुरक्षेच्या रकान्यात जुनी पद्धत निवडलेली असेल तर वेगही मागे पडतो. तिथे डब्ल्यू. पी. ए. टू किंवा थ्री असावे.

याचा अर्थ सेटिंगने सगळे रोग बरे होतात असा मुळीच नाही. माझ्या वहीत एक गोष्ट सरळ दिसते. रात्री नऊ ते दहा या वेळात पेटीजवळ, केबल लावूनही, वेग २० च्या खाली येतो. सारे गाव त्या वेळी एकाच वाटेवर असते. ती गर्दी खांबापलीकडची. तिथे चॅनेल बदलून उपयोग नाही, तक्रार करावी लागते. आणि तक्रार करताना ‘नेट चालत नाही’ असे म्हणण्यापेक्षा तारीख, वेळ, केबलवर मोजलेला आकडा सांगितला तर समोरच्या माणसाच्या आवाजात फरक पडतो. आम्ही तशी तक्रार केली आहे. अजून उत्तर यायचे आहे.

आठव्या दिवशी, रविवारी, जेवणे झाल्यावर मी वही आबांपुढे ठेवली. त्यांना इंग्रजी येत नाही, पण आकडे पक्के कळतात. रोज किती मीटर कापड निघाले याचा हिशेब ज्याच्या मजुरीला जोडलेला आहे त्याला आकड्यांची भाषा शिकवावी लागत नाही. ३, १३, १९ या ओळीवर त्यांनी बोट फिरवले. दादाला म्हणाले, “वरची स्कीम नको.” आणि मला म्हणाले, “चालू दे.” या दोन शब्दांचे मोल ज्यांच्या घरी दरमहा ४७१ रुपयांचा विचार करावा लागतो त्यांनाच कळेल. त्या महिन्यात माझे सत्र परीक्षेचे पाठ स्वयंपाकघरात, आबांची झोप न मोडता, पुरे झाले.

त्यानंतर गल्लीत माझे नाव झाले आहे. कुणाकुणाच्या घरी मी पेटी बघायला जाते. प्रत्येक घरी पेटी कुठे सापडते? बाहेरच्या खोलीत, कोपऱ्यात, टीव्हीच्या मागे. आणि तक्रार कुणाची असते? आतल्या खोलीतल्या बायकांची आणि शिकणाऱ्या पोरांची. जे बाहेर बसतात त्यांना दोष जाणवतच नाही. त्यांना वाटते, नेट चांगले आहे, आतल्यांनाच वापरता येत नाही.

मला हे वाक्य ओळखीचे वाटते. पहिल्या वर्षी मागच्या बाकावर बसलेल्या आम्हा काही जणींना व्याख्यान समजायला वेळ लागे, तेव्हा आम्ही एकमेकींना म्हणायचो की हे आपल्यासाठी नव्हेच. घरी विचारायला कुणी नव्हते. आता कुणी नवी मुलगी तसे म्हणू लागली तर मी तिला आधी विचारते की तू बसतेस कुठे, आणि तुझ्या आणि फळ्याच्या मध्ये काय काय आहे? वेग कमी पडला की मोबाईल जुना आहे, स्कीम स्वस्त आहे, आपल्याला कळत नाही, ही उत्तरे आपण फार लवकर देतो. ती खरीही असतील. पण त्याआधी एक वही घ्यावी, तीन जागी मोजून पाहावे आणि मधल्या भिंती मोजाव्यात. एवढे करायला शास्त्र शाखेत जावे लागत नाही.